हॉटेलातली जळती दोरी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि याडी, म्हणजे माझी आई, अजूनही बँकेत अंगठाच लावते. अशा घरातल्या मुलानं छापून येण्यासाठी लिहावं हे मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. मराठीच्या सरांनी सांगितलं, जे रोज आठवतं ते लिही. मी म्हणालो, सर, मला रोज एक हॉटेल आठवतं. ते म्हणाले, मग हॉटेलच लिही.

माफीचं दुसरंही एक कारण आहे. मी जे लिहिणार आहे ते बिडीच्या विरुद्ध आहे. हॉटेल असो की बार, जिथे काही माणसं खायला बसतात आणि काही माणसं त्यांना वाढतात, तिथे आत बसून कोणी बिडी-सिगारेट ओढू नये, असं माझं ठाम मत आहे. ठाम हा शब्द लिहिताना हात थोडा अडखळतो, पण मत तेच आहे. आणि ज्यांच्या बिडीविरुद्ध मी लिहितो आहे, त्यांनीच मला मोठ्यानं वाचायला शिकवलं. त्यांच्यातला एक म्हातारा माझ्यामुळे उठून गेला. हे लिहायला बसलो आहे तेव्हाही, तो परत येऊन त्याच्या जागी बसावा, एवढंच मला हवं आहे.

आर्णीच्या बसस्टँडवरून रस्ता ओलांडला की चाचाचं हॉटेल. हॉटेल म्हटलं की शहरातल्या लोकांना राहायच्या खोल्या आठवतात. आमच्याकडे हॉटेल म्हणजे पोहे, आलुबोंडा आणि चहा. वर टिनाचं छप्पर, पुढे उघड्यावर भट्टी, आत सहा टेबलं आणि मागची भिंत बिनखिडकीची. माझा बा तिथे कारागीर आहे, म्हणजे कढई त्याच्या ताब्यात. आम्ही तांड्यावर राहतो, आर्णीपासून सायकलच्या अंतरावर. घरी आमची गोरबोली, म्हणजे बंजारा बोली चालते, हॉटेलात वऱ्हाडी. इथे मी तांड्यातल्यांचं बोलणंही वऱ्हाडीतच लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला अडायला नको.

हॉटेलात शिरताना डाव्या हाताला एक लाकडी खांब होता आणि खांबाला खिळा. त्या खिळ्यावरून काथ्याची जाड दोरी लोंबकळायची. तिचं खालचं टोक दिवसभर जळत असायचं. ज्योत नाही, नुसता लाल ठिपका. ज्याला बिडी पेटवायची त्यानं टोक उचलायचं, फुंकर मारायची, बिडी लावायची आणि टोक सोडून द्यायचं. माचिस कोणाला मागावी लागत नसे. चाचाच्या वडिलांच्या वेळेपासून ही दोरी होती. अर्थात तीच दोरी नव्हे, एक संपली की दुसरी.

ती दोरी रोज सकाळी बा पेटवायचा. भट्टी फुलली की पहिला निखारा चहाच्या भांड्याखाली जायचा नाही, चिमट्यात धरून तो दोरीला लागायचा. मग बा टोकावर फुंकर घालायचा आणि खोकायचा. बानं स्वतः आयुष्यात कधी बिडी ओढली नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "दोन्ही हात तेलात. बिडी कोन्या हातानं धरू?"

कोपऱ्यातल्या टेबलाशी रोज चार-पाच जण ठरलेले. त्यांच्यातला मुख्य म्हणजे आमच्या तांड्याचा जुना कारभारी. तांड्यात नायक असतो आणि त्याच्या जोडीला कारभारी. भांडण असो, सोयरीक असो, त्याचा शब्द लागतो. आता ते काम त्याच्या पुतण्याकडे गेलं आहे, पण त्याला सगळे कारभारीच म्हणतात. लाल पागोटं, कानात बाळी आणि उजव्या कानावर एक बिडी राखीव. आर्णीत त्याचं काही काम नसायचं, तरी तो रोज यायचा. "घरी बसलो तं सुना काम सांगते," म्हणायचा.

दहावीत असताना एकदा शाळेला जाण्याआधी मी तिथे पेपर वाचत बसलो होतो. मनातल्या मनात. कारभाऱ्यानं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "एकटाच खाऊन राह्यला का बे? आमाले बी वाढ न."

मी मोठ्यानं वाचू लागलो. पहिल्या दिवशी आवाज निघेना. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पेपर माझ्यापुढे सरकवला. मग तो नेमच झाला, दहावी संपली, अकरावी-बारावी झाली, तरी चालू राहिला. त्या टेबलावर मला धडा वाचल्यासारखं वाचून चालायचं नाही. कारभारी मध्येच हात वर करायचा.

"थांब. हे मंत्री म्हनते का पेपरवाला म्हनते?"

"मंत्री म्हणतो."

"मंग जरा हळू वाच. त्याच्यात खोट असते."

पहिलं पान एका बिडीचं, गावोगावच्या बातम्या दुसऱ्या बिडीच्या आणि कापूस-तुरीचे भाव तिसऱ्या बिडीचे. एखादी बातमी फार लागली की त्याची बिडी ऐकता ऐकता विझून जायची. मग तो उठून दोरीपर्यंत जायचा आणि मी वाक्य अर्धं धरून थांबायचो. तो परत येऊन बसल्याशिवाय पुढचा शब्द वाचायचा नाही, असा अलिखित नियम होता. धुरानं माझे डोळे चुरचुरायचे. ओळी पुसट दिसायच्या. पण आज वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की मी डोळ्यांसमोर तोच कोपरा आणतो, आणि आवाज निघतो.

बारावीचा निकाल लागला तेव्हा कारभाऱ्यानं सगळ्या हॉटेलाला सांगितलं, "शाळेनं नाही, आमच्या टेबलानं पास केलं ह्याले."

त्याच उन्हाळ्यात बाचा खोकला वाढला. पायऱ्या चढला की दम लागायचा. कढईसमोर उभा राहून तो एक हात खांबाला टेकवू लागला. यवतमाळला छातीच्या एका खाजगी डॉक्टरकडे त्याला नेलं. गर्दी होती, डॉक्टर घाईत होते. खाली मान घालून त्यांनी विचारलं आणि लिहिलं. परतीच्या एसटीत मी तो कागद उघडला.

"काय लिवलं?" बानं विचारलं.

इंग्रजी अक्षर लावायला मला वेळ लागला. पेशंट अनेक वर्षांपासून बिडी ओढतो, असं त्यात होतं. मी सांगितलं.

बानं कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाला, "गाडी थांबली की उतर. वापस जाऊ."

"बा, औषध तेच राहील."

"औषधाचं नाही म्हनत मी. माह्यावर खोटं लिवलं. मी गेलो तं हा कागद मांगं राहीन."

माझा बा चाचाशीही कधी उलट बोललेला नाही. हॉटेलात पोहे खारट झाले म्हणून कोणी ओरडलं, तर मीठ चाचानं टाकलेलं असलं तरी तो ऐकून घेतो. तो माणूस पुढच्या थांब्यावर खरंच उतरला. आम्ही दुसऱ्या गाडीनं परत गेलो, पुन्हा नंबर लावला. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी बाची बोटं पाहिली, ओठ पाहिले, दात पाहिले आणि ती ओळ खोडली. मग पेन तसंच धरून विचारलं, "मग हा धूर कोणाचा?"

बा म्हणाला, "गिऱ्हाईकाचा साहेब. आपलेच मानसं हायेत. बसते येऊन."

"त्यांना सांगा, बाहेर जाऊन ओढा."

बा हसला. "असं सांगत असते का साहेब कोनी गिऱ्हाईकाले?"

भट्टीचाही धूर असतोच, ते मी विसरत नाही. डॉक्टरांनीही विचारलं होतं. पण भट्टी उघड्यावर आहे, आणि भट्टीशिवाय हॉटेल चालत नाही. बिडीशिवाय चालतं. एवढा साधा हिशेब मला त्या दिवशी सुचला आणि नंतर डोक्यातून गेला नाही.

बाला तोंडात धरून ओढायचा पंप मिळाला. हॉटेलात त्यानं तो पहिल्यांदा काढला तेव्हा कारभारी धुराआडून म्हणाला, "पहा लेका. शेवटी तू बी ओढाले लागलाच न."

सगळं टेबल हसलं. बाही हसला. हसताना त्याला खोकला आला आणि तो थांबेना.

त्यानंतर मी यवतमाळला कॉलेजला गेलो. तिथे एका तासाला कळलं की हॉटेलसारख्या ठिकाणी आत बसून बिडी-सिगारेट ओढायला कायद्यानं मनाई आहे आणि तसा फलक लावावा लागतो. मला हे नवीनच होतं. आमच्या हॉटेलात असा फलक कोणी पाहिलेला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मी पुठ्ठा आणला, लाल रंग आणला आणि चाचाला विचारलं.

चाचा गल्ल्यावर तसबी, म्हणजे जपाची माळ, फिरवत बसला होता. म्हणाला, "लगा दे बेटा. कायदा है तो है. पन गिऱ्हाईकाले सांगन कोन?"

"बोर्ड सांगेल चाचा."

"अच्छा," चाचा म्हणाला. त्याच्या त्या 'अच्छा'कडे मी नीट लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.

मी सुंदर अक्षरात लिहिलं: येथे बिडी-सिगारेट ओढण्यास मनाई आहे. तो बोर्ड कोपऱ्याच्या बरोबर समोर लावला. आणि त्या टेबलावर वाचता येणारा मी एकटाच होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तीन वर्षं मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो, तरी आलं नाही.

कारभारी आला, दोरीवर बिडी पेटवली, बसला, बोर्डाकडे पाहिलं. "मोठ्या अक्षराचं काय लिवून आनलं रे? वाच न."

मी वाचलं. दुसरं काय करणार? नेहमीच्या आवाजात, पेपरासारखंच वाचलं.

सगळे ऐकत होते. कारभाऱ्यानं धूर सोडला आणि मान हलवली. "चांगलं केलं. कोनत्या गावची बातमी हाय हे?"

"आपल्याच," मी म्हणालो. पण तोपर्यंत शेजारच्यानं भाव विचारला होता आणि मी भावाचं पान उघडलं होतं. त्या दिवशी त्या बोर्डाखाली रोजच्याइतक्याच बिड्या जळाल्या. बा कढईपाशी खोकत होता. मला माझ्या सुंदर अक्षराची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बानं दोरी पेटवली. तो बेसन कालवायला वळला तसा मी दोरी खिळ्यावरून काढली आणि टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं. चर्र असा आवाज झाला. बानं मागे वळून पाहिलं. चाचाची तसबी थांबली, आणि पुन्हा फिरू लागली.

थोड्या वेळानं कारभारी आला. त्याचा चहा टेबलावर ठेवून झाला होता. कानावरची बिडी ओठात धरून त्यानं खांबाकडे न पाहताच हात नेला, जसा तो वर्षानुवर्षं नेत आला होता. हात रिकाम्या खिळ्यापाशी फिरला.

"दोरी कोठी गेली?"

मी रात्री अंथरुणात पाठ केलं होतं, की बाची छाती, डॉक्टरांचा कागद, तुमच्यावर राग नाही, बाहेर लिंबाखाली बाकडं टाकू. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हणालो, "कायदा आहे."

बाच्या दिशेनं वळून त्यानं नुसती बिडी पुढे केली. बानं सवयीनं भट्टीतून निखारा उचलला. चिमटा अर्ध्या वाटेत असताना मी बाचं मनगट धरलं.

"बा, देऊ नको."

शहरातल्या वाचणाऱ्याला यात काही मोठं वाटणार नाही. आमच्याकडे मागितलेल्या इस्त्याला कोणी नाही म्हणत नाही. इस्तो म्हणजे विस्तव. ज्याची चूल विझली त्यानं शेजारून निखारा न्यायचा, वैर असलं तरी. जुन्या काळी तांड्यात तो फक्त एकाच माणसाला नाकारत, पंचांनी ज्याचं हुक्का-पाणी बंद केलं, म्हणजे ज्याला वाळीत टाकलं, त्याला. आणि मी ज्याला नाकारत होतो त्यानं स्वतः आयुष्यभर पंचात बसून असे निवाडे केले होते.

बानं निखारा परत भट्टीत टाकला.

कारभाऱ्यानं बिडी ओठातून काढून कानावर ठेवली. चेहऱ्यावर थोडं हसू होतं. "हुक्का-पानी बंद केलं म्हन माह्यं," तो म्हणाला. "पोरगं शिकलं. बरं झालं."

तो निघून गेला. टेबलावरच्या चहावर साय धरली.

संध्याकाळी घरी बा चुलीपाशी बसला होता. मग त्यानं मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. "तुह्या आज्याचं हुक्का-पानी बंद केलतं तांड्यानं. कायले केलं ते आता मोठं नाही. सहा महिने आपल्या चुलीले कोनी इस्तो देला नाही. मी लहान होतो. पंचात उभं राहून त्या कारभाऱ्यानंच ते खोललं. अन् सोताच्या हातानं इस्तो आनून ह्याच चुलीत ठेवला."

मी म्हणालो, "मग सकाळी तू मला थांबवलं का नाही?"

"तू माह्याच छातीसाठी करून राह्यला होता न," बा म्हणाला. "तुले कसा थांबवू?"

आता खरं सांगायचं तर दोरी विझली ते चांगलंच झालं. बाकीचे तीन-चार जण दोन दिवस कुरकुरले, मग बाहेर लिंबाखाली उभं राहून बिडी ओढू लागले, संपली की आत येऊ लागले. मला वाटलं होतं गिऱ्हाईक तुटेल. उलट, एसटीची वाट पाहणाऱ्या बाया, ज्या आधी पोरांना घेऊन रस्त्याकडेला उन्हात उभ्या राहायच्या, त्या आत येऊन बसू लागल्या. चाचा म्हणाला, "बेटा, मले वाटलं त्यायले चहा आवडत नाही." बाचा हात खांबावरून सुटला. पंप खिशात असायचा, पण दिवसातून एकदाच निघायचा. कोणी मला आज विचारलं, पुन्हा विझवशील का, तर मी हो म्हणेन.

पण कारभारी आला नाही. रस्त्यापलीकडे, बसस्टँडच्या भिंतीशी एक चहाची टपरी आहे. त्याचं लाल पागोटं तिथे दिसायचं. मी कोपऱ्यात पेपर घेऊन बसायचो, बाकीच्यांना वाचून दाखवायचो, आणि वाक्य संपलं की उगाच थांबायचो. कोणी हात वर करत नसे. मंत्री काय म्हणतो आणि पेपरवाला काय म्हणतो, कोणाला फरक पडत नव्हता.

सुट्टी संपायच्या आधी मी त्याच्या घरी गेलो. पेपर घेऊन गेलो. त्यानं अंगणात खाट टाकून दिली, सुनेला चहा सांगितला. कॉलेज कसं आहे विचारलं, हॉस्टेलात भाकर मिळते का विचारलं. तासभर बसलो तरी त्यानं माझ्यासमोर बिडी पेटवली नाही. कानावरची बिडी तो काढायचा, बोटांत फिरवायचा, परत ठेवायचा. त्याच्या स्वतःच्या अंगणात. मला म्हणायचं होतं, इथे ओढा, इथे तर आभाळ आहे.

"पेपर वाचू का?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "नातू मोबाईलवर लावून देते बातम्या. त्याच्यात बाई वाचते. लई सरसर वाचते."

"थांबवता येतं तिला?"

"नाही न. तेच तं." तो थोडा हसला आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला.

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. मी यवतमाळच्या हॉस्टेलात असतो. सणावारी गावी जातो, पण चार दिवसांत परत, आणि प्रत्येक वेळी पलीकडच्या टपरीकडे नजर जाते. गेल्या पोळ्यानंतर तर परीक्षा आणि एका वाचनालयातलं अर्धवेळ काम यामुळे गावी जाणंच झालं नाही.

मध्यंतरी निकाल लागला तेव्हा मित्रांनी दुपारी एका बारमध्ये पार्टी दिली. मी गेलो. आत एसी होता, दारं-खिडक्या बंद, आणि धूर असा की समोरच्याची भाजी कोणती ते कळेना. एक मित्र म्हणाला, "तू दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही. मंग आला कायले बे?"

"पनीर खायला," मी म्हणालो. सगळे हसले.

वाढणारे काका बाच्या वयाचे होते. खांद्यावर पंचा. ताटं ठेवताना ते तोंड वळवून खोकले आणि मी तो खोकला ओळखला. मी हळूच विचारलं, "काका, इथे मनाईचा बोर्ड नाही का?"

"हाय न," ते म्हणाले. "फ्रीजच्या मांगं."

मी शेजारच्या टेबलाशी गेलो. या वेळी कायदा काढला नाही. म्हटलं, "दादा, त्या काकांना दमा आहे असं वाटतं. बाहेर ओढली तर बरं होईल." एक जण म्हणाला, "तुले त्रास होते तं घरी जेव." पण दुसऱ्यानं काकांकडे पाहिलं आणि सिगारेट घेऊन बाहेर गेला. मित्र मला आठवडाभर पुढारी म्हणून चिडवत होते. काकांनी मात्र न मागता कांदा-लिंबाची एक बशी माझ्यापुढे आणून ठेवली.

त्या दिवशी खोलीवर आलो तर शर्टाला धुराचा वास येत होता. सिगारेटचा होता, बिडीचा नव्हता, तरी मी तो शर्ट दोन दिवस धुतला नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं. धूर नको म्हणणाऱ्या माणसानं असं करावं हे विसंगत आहे, मला कळतं. मला धूर नकोच आहे. मला त्या धुराच्या मागे बसलेला माणूस हवा आहे, हात वर करून थांब म्हणणारा. ही दोन वेगळी असू शकतात, एवढं त्या सकाळी मला नीट सांगता आलं असतं तर.

इथवर लिहून झालं होतं आणि शेवट कसा करावा ते सुचत नव्हतं. काल सकाळी बाचा फोन आला. तो फोन क्वचित करतो. याडीनं एसटीतून डबा पाठवला होता, तिळाचे लाडू आणि ठेचा, तो स्टँडवरून घेऊन ये, एवढंच सांगायला. मागे भट्टीचा आणि कपबश्यांचा आवाज येत होता.

"कंडक्टरच्या जवळ देला हाय. अन् डबा वापस पाठवजो. थांब जरा, कारभारी आला, त्याले इस्तो देऊन येतो."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग चिमट्याचा. मग पावलं दूर गेली. मी फोन कानाला लावून हॉस्टेलच्या जिन्यात उभा होतो. बऱ्याच वेळानं पावलं परत आली.

"हां, बोल."

"बा, कोण आलं म्हणाला तू?"

"कारभारी."

"तो येतो?"

"रोज येते."

"कधीपासून?"

"पोळा झाल्यापासून. तुले सांगतलं नाही का मी?"

म्हणजे चार महिने झाले होते. मी म्हणालो, "नाही बा. नाही सांगितलं."

"फोनवर सांगन्यासारखं का हाय त्याच्यात," बा म्हणाला. मग त्यानं सांगितलं. "मीच गेलतो एक दिवस. चिमट्यात इस्तो धरला, रस्ता वलांडला, त्या टपरीवर. बोललो नाही काही. त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् बिडी पुढं केली. दुसऱ्या दिवशी सोताच आपल्या लिंबाखाली येऊन उभा राह्यला. आता रोज तसंच. मी इस्तो नेऊन देतो, वाऱ्याच्या अंगानं उभा राह्यतो, मले धूर लागत नाही. बिडी झाली की तो चूळ भरते अन् आत येऊन बसते."

"कुठे बसतो?"

"कोठी बसन? कोपऱ्यात. त्याच्या जागी."

मला पुढचं विचारायला धीर होत नव्हता. बानंच सांगितलं.

"पेपर कोनाले वाचू देत नाही. चाचाचा पोरगा वाचाले लागला तं त्याले गप केलं. रोजचा पेपर घडी करून टेबलाखाली ठेवते. चाचाले म्हनते, रद्दीत देऊ नको. मोठा ढीग झाला. काल मले म्हने, पोराले सांगजो, लई बातम्या तुंबल्या."